रिकामे डबे पुढे, भरलेले मागे

रंगा,

तुला पोहोचवून आलो त्या दिवसापासून माणसं मला एकच गोष्ट विचारताहेत, आणि सगळी आडून विचारतात. कोणी चहाचा कप पुढे करता करता, कोणी रस्त्यात सायकल थांबवून, कोणी चर्चमधून बाहेर पडताना छत्री उघडत. "दाविद मास्तर, तुम्ही तर त्याचे बालमित्र. ती मालगाडी खरंच त्यानं पाडली होती का?"

मी गप्प राहिलो की ते हसतात. त्यांना वाटतं, मी काहीतरी झाकतोय. त्या हसण्याचा मला राग येत नाही, कारण तुझ्याकडे बघून मीही कितीतरी वर्षं मनातल्या मनात तसाच हसत होतो.

बोर्डिंगात आपण शेजारी झोपायचो. तू पाथर्डीकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, भाकरीशिवाय दुसरं काही गिळत नसायचास. मी इथलाच, मिशनच्या आवारात वाढलेला. पुढे मी त्याच शाळेत सुतारकामाचा मास्तर झालो आणि तू मालगाडीचा गार्ड. शेवटच्या डब्यात कंदील, हिरवं-लाल निशाण आणि हँडब्रेकचं चाक घेऊन तू एकटा बसायचास. इंजिनपासून इतक्या लांब, की ड्रायव्हरशी तुझं बोलणं शिट्टीवरच. गाडी नगरवरून जायची तेव्हा तू माझ्यासाठी मनमाडकडचा कांदा उतरवून ठेवायचास. ते आपलं सगळं जग होतं आणि त्यात संशयाला कुठे जागाच नव्हती.

मग ते बेचाळीस साल आलं. जिकडेतिकडे तारा तुटत होत्या, स्टेशनं जळत होती. तुझ्या बायकोचा, म्हणजे सरूवहिनींचा, थोरला भाऊ दामू घर सोडून भूमिगत झाला होता. आणि दिवस मावळायच्या सुमाराला, घाटाखालच्या वळणावर, तू गार्ड असलेली गाडी रुळावरून उतरली. फायरमन गेला. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर होतं ते. चौकशीत निघालं की रुळाच्या सांध्यावरचे बोल्ट सैल होते. मग सगळ्यांना सगळं एकदम कळलं. मेहुणा भूमिगत, गार्ड घरचाच, आणखी काय पाहिजे?

तुला कोठडीत घातलं तेव्हा मी डबा घेऊन आलो होतो. तू गजांपलीकडून म्हणालास, "डबे पार शेतात जाऊन पडले. गाडी पडल्यावर बोल्ट सैल व्हनार न्हाईत तर काय घट्ट व्हतील?" मी विचारलं, दामू कुठे आहे? तू डब्याचं झाकण लावलंस आणि म्हणालास, "भाकरी थोडी जाड थापायला सांग."

संशय माझ्या मनात तिथे शिरला. तू उत्तर टाळलंस हे नुसतं कारण नव्हतं. टाळताना तू माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंस, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. ओळखीच्या माणसाला नव्यानं तोलावं तशी ती नजर होती. मी मिशनचा, साहेबाच्या सावलीतला. हे तुला बोर्डिंगात कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी सुचलं.

पुरावा नव्हता म्हणून त्यांनी तुला सोडलं, पण नोकरीवर घेतलं नाही. क्वार्टर गेलं. माळीवाड्यात दोन खोल्या घेऊन तुम्ही राहिलात. एक दिवस तू बगलेत खोकं मारून आमच्या शाळेत आलास. भिंगारच्या छावणीतला कुणी साहेब बदलून गेला होता, त्याच्या सामानाच्या लिलावातून तू ते उचललं होतंस. आत चावीचं टिनाचं इंजिन, चार डबे आणि थोडे पत्र्याचे रूळ. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. घरात मूल नाही आणि हा खेळणं घेऊन आलाय.

"मला गाडी पाडून बघायचीय," तू म्हणालास.

"कशाला?"

"त्या दिशी यार्डात घाई हुती. रिकामे डबे इंजिनाला लागून जोडले आन साखरंचे भरलेले मागं. मी म्हनालो, असं नको. कुनी ऐकलं न्हाई. गाडी त्यानंच पडली. बोल्टानं न्हाई. मला ते दाखवायचंय."

सूत मिळेना म्हणून शाळेचे माग तेव्हा बंद पडले होते. मागाची शेड मोकळी होती. मी तिची किल्ली मागून घेतली. खरं सांगू? तुला मदत करावी म्हणून मागितली आणि तुझ्यावर लक्ष राहील म्हणूनही मागितली. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

रंगा, ते काम मात्र सुंदर होतं. बिस्किटांच्या डब्यांचे पत्रे कापून तू डबे वाकवायचास, मी लेथवर सागाची चाकं कातून त्यांना बैलगाडीच्या चाकासारखी बारीक धाव बसवायचो. फळ्या विटांवर तिरप्या ठेवून आपण घाटाचा उतार केला, खाली वळण, वळणापुढे थोडा चढ. चार डब्यांची गाडी कशीही जोडा, चालायची. आठ झाले आणि भांडणं सुरू झाली. हलका डबा प्रत्येक सांध्यावर उडायचा. त्यात वाळू भरून जड केला की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. मग इंजिनावर शिसं ठेवायचं, की चावी अर्ध्यातच उतरायची. चौदा-पंधरा डबे नीट चालायला लागेपर्यंत उन्हाळा सरला. लांब गाडीत एकट्या डब्याच्या वजनाला अर्थ नसतो, पुढच्या-मागच्यांशी त्याचं जमावं लागतं, हे आपण दोघं तिथे शिकलो. सुताच्या लडी तोलायचा तराजू घेऊन आपण एकेक डबा तोलत बसायचो आणि तू कधी नव्हे तो शीळ घालायचास.

मग तू गाडी पाडून दाखवलीस. रिकामे पुढे, भरलेले मागे. इंजिन पुढून ओढत होतं, मागचं ओझं मागे धरून ठेवत होतं आणि ताण आलेली डब्यांची रांग सरळ व्हायला बघत होती. वळणावर सरळ व्हायचं म्हणजे आतल्या बाजूला यायचं. भरलेला डबा रूळ सोडत नाही. रिकाम्यानं सोडला आणि तो अलगद आत कलंडला. त्याच्यामागे दुसरा.

"बघ," तू म्हणालास. "आतल्या अंगाला. डोंगराकडं. बोल्ट काढले असते तर भायेर गेले असते."

मी रिकामे डबे उचलून तराजूत टाकले. कागदासारखे हलके होते. भरलेल्यांत तू शिसं कोंबलं होतंस.

"रंगा, हे प्रमाण खोटं आहे. खरा रिकामा डबा आणि खरा भरलेला डबा यांत तिप्पट फरक असेल. तू आठपट केलायस."

"थोडं इकडंतिकडं चालतंय."

"चालत नाही. तुला हवं ते पाडण्यासाठी तू वजनं लावलीयस."

तू उठून हात धुतलेस आणि निघून गेलास. दुसऱ्या दिवशी आलास. मी सगळे डबे तिपटीच्या हिशेबानं पुन्हा भरून ठेवले होते. त्या वजनांवर गाडी कधी पडायची, बऱ्याचदा पडायची नाही. तू म्हणायचास वळण ढिलं झालं, मी म्हणायचो तू ढिला झालास. हा वाद आपण कधी संपवला नाही.

आणि मला दुसरंच काही टोचत होतं. कोठडीत तू म्हणाला होतास, डबे शेतात पडले. आता म्हणत होतास, डोंगराकडे. मी तुला न सांगता सायकल काढून त्या वळणावर गेलो. रुळाच्या एका बाजूला ज्वारी होती, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पायथ्यापर्यंत बाजरी. शेत दोन्हीकडे होतं. एक बाई खुरपत होती. तिला विचारलं, डबे कुठल्या बाजूला पडले होते? तिनं मान वर केली नाही. "आमी काय बी बघितलं न्हाई," म्हणाली. पोलीस तिच्याकडे किती वेळा येऊन गेले असतील कोण जाणे. मी आलो तसा परत गेलो.

पोलीस आपल्याकडेही आले. साध्या कपड्यातला एक माणूस शेडच्या दारात उभा राहिला, मग उकिडवा बसून त्यानं फळ्यांवरची गाडी निरखली. गोड बोलायचा.

"झकास केलंय. हे वळण कुठलं?"

"कुठलंच न्हाई," तू म्हणालास.

मी ऐकत होतो. तू सहज खोटं बोललास, अगदी सरावानं बोलावं तसं. तो माणूस माझ्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही तर शिकवता. मुलांसाठी आहे का हे?" मी हो म्हणालो. तो गेल्यावर आपण कितीतरी वेळ एकमेकांकडे बघितलं नाही. तू मनात म्हणत असशील, याला दाविदनं बोलावलं. मी म्हणत होतो, ज्याला लपवायचं काही नाही तो असं बोलत नाही.

चौकशीतला एक वयस्कर साहेब तुझ्या अर्जावर अर्ज वाचून शेवटी शेडमध्ये आला. भला माणूस होता, कोट काढून खिळ्याला अडकवला आणि खाली बसला. आदल्या दिवशी आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं. तुला आठपटीची वजनं ठेवायची होती. मी म्हणालो, तसं करणार असशील तर मी साहेबासमोर डबे तोलून दाखवीन. तू मुकाट्यानं तिपटीची वजनं ठेवलीस.

गाडी उतारावरून आली, वळली, चढली. एकही डबा हलला नाही. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. साहेबानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला, कोट घातला आणि गेला.

तू मला शिव्या दिल्या नाहीस. नुसतं म्हणालास, "तुझ्या खरेपनानं माझी भाकर गेली, दाविदा." त्यानंतर तू आला नाहीस. मी मनाशी म्हणालो, बरं झालं. गाडी पडली नाही म्हणजे बोल्टच होते. बोल्ट होते म्हणजे दामू होता. दामू होता म्हणजे तुला ठाऊक होतं. किती सोपं होतं ते सगळं जुळवणं.

थंडीत एका दुपारी शेडमध्ये आवाज आला म्हणून गेलो, तर तू होतास. शेवटच्या डब्याच्या आसाला ओल्या फडक्याची चिंधी आवळून बांधत होतास. मला बघितलंस आणि गाठ आणखी आवळलीस. वजनं माझीच होती, तिपटीची, मी दोनदा बघून घेतलं. गाडी उतरली, वळणात शिरली. इंजिन चढाला लागलं आणि मागचा डबा फडक्यानं धरून ठेवलेला. पुढचे दोन रिकामे डबे उचलल्यासारखे आत पडले. तू पुन्हा गाडी लावलीस. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी लावली, माझ्या हातानं. पडली.

"हे फडकं काय आहे?" मी विचारलं.

"माझा ब्रेक." तू जमिनीवर बसलास. "उतारावर डायवरनं शिट्टी दिली, मी ब्रेक आवळला. खाली चढ लागला की त्यो वाफ उघडनार, मी ब्रेक सोडायचा. सोडायची शिट्टी झाली हुती का, मला आठवत न्हाई. झाली असंल. वारं हुतं. मला ऐकू आली न्हाई."

तू ते फडकं सोडवून हातात घेतलंस. मग म्हणालास, "त्या पोराची आई दौंडला असती."

मी म्हणालो, साहेबाला पुन्हा बोलावू. तू मान हलवलीस. "काय सांगू त्येला? बोल्ट न्हाई, मी?" आणि मग, रंगा, माझ्या मनात काय आलं सांगतो. मला वाटलं, हाही एक बनाव असेल. मेहुण्याला वाचवायला माणूस एवढा दोष स्वतःवर घेईल. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी त्या पाण्याचंही वजन करत होतो.

पुढे तू सायकली दुरुस्त करायचं दुकान काढलंस. तरी संध्याकाळी शेडमध्ये यायचास. गाडी कधीकधी चालवायचो, भरलेले पुढे लावून, निवांत. गाडी पडायची नाही. चहा प्यायचो. त्या विषयावर अक्षर बोलायचो नाही.

स्वराज्य आलं. दामू बाहेर आला, गळ्यात हार घालून गावोगाव फिरला. आता हवाच उलटी फिरली. ज्या गाडीपायी तू कोठडीत गेलास, तिचं नाव लोक अभिमानानं घ्यायला लागले. दामू तुझ्या दुकानात आला तेव्हा मी तिथेच चेन बदलून घेत होतो.

"दाजी," तो म्हणाला, "एकदा नुसतं व्हय म्हना. गाडी आपन पाडली. तुमचा सत्कार करतो, नोकरीचं बी बघतो. कुनाला काय सिद्ध करायचं न्हाई आता."

तू पंक्चर काढत होतास. पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत म्हणालास, "मी पाडली न्हाई."

"लोकं मानत्यात पाडली म्हनून. तुमी कशापायी नको म्हनता?"

"पोरगं मेलंय त्यात."

दामू माझ्याकडे बघून हसला. मी तेव्हा पहिल्यांदा आतून हललो. खोटं बोलणाऱ्याला त्याच्या खोट्याचं बक्षीस समोर आल्यावर तो ते सोडत नाही. बेचाळीस साली नाही म्हणण्यात तुझा फायदा होता, आता हो म्हणण्यात होता. तू दोन्ही वेळा नाहीच म्हणालास. एवढं कळूनही मी तुझ्या दुकानातून काही न बोलता उठलो. संशयाची सवय लागते रे. ती अंगातून जाता जात नाही.

मग तुझी छाती भरली आणि पंधरवड्यात तू गेलास.

दहाव्याच्या दिवशी तुझ्या गावी पारासमोर शोकसभा ठेवली होती. मी मोटारीनं गेलो. लाऊडस्पीकर पाथर्डीहून आणला होता. दामू बोलायला उभा राहिला. चांगला बोलतो तो. म्हणाला, माझे दाजी या तालुक्याचे वीर. त्या दिवशी मी आणि माझे साथी वळणावर बोल्ट काढत होतो, आणि गाडीत दाजी होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनीच वेळ कळवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "नशीब काढलं पोरानं."

मी जागचा उठलो. काय बोलणार होतो ते मला अजूनही माहीत नाही. ब्रेकची गोष्ट सांगणं माझ्या हातात नव्हतं, ती तुझी होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सरूवहिनी उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर, आवाज मोठा नाही. लाऊडस्पीकर त्यांच्यासमोर नव्हता, म्हणून सगळे गप्प झाले.

"दादा, त्या दिशी तू माझ्या घरी हुतास."

दामू थांबला.

"आदल्या पाच-सा दिसापासनं हुतास. हिवतापानं. रेल्वेच्या कॉटरातल्या आतल्या खोलीत, मी तुझ्यावर गोधड्या टाकल्या हुत्या. त्या दिशी तुला पान्याचं भांडं उचलत न्हवतं, मी चमच्यानं पाजलं. तू वळनावर कवा गेलतास?"

दामूनं माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"पोलिसांनी यांना इचारलं, मेहुना कुठं हाय. यांनी न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर हे सुटले असते, तू गेला असतास. आता तू यांना वीर म्हनतोस ते ठीक हाय. पर गाडी पाडली म्हनू नगंस. त्येंनी ती पाडली न्हाई."

त्या खाली बसल्या. दामू माइक चेअरमनच्या हातात देऊन पाराच्या मागे निघून गेला.

रंगा, तर हे होतं. गजांमागे तू डब्याचं झाकण लावलंस तेव्हा तुझ्या घरात ताप आलेला माणूस गोधडीखाली पडला होता. ज्यानं बोल्ट काढले असं सगळे म्हणत होते, तो बोल्ट काढूच शकत नव्हता, हे तुला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकं तेच तुला सांगता येत नव्हतं. म्हणून तू टिनाच्या डब्यांकडे वळलास. दुसरा कुठला साक्षीदार तू उभा करणार होतास? ते आठपटीचं शिसं मला आता वेगळं दिसतं. घाई झाली होती तुला. बाहेर एक खरा साक्षीदार होता आणि तो लपवून तू पत्र्याकडून साक्ष काढून घेत होतास.

पण मला का नाही सांगितलंस? हे मी तुझ्यावर धरून ठेवलंय आणि ठेवणार. दामू बाहेर आल्यावर तरी? स्वराज्य आल्यावर तरी? आपण रोज चहा प्यायचो.

परतीच्या मोटारीला वेळ होता. वहिनी पाराशेजारच्या ओट्यावर बसल्या होत्या, मी लांब उभा होतो. त्यांनीच हाक मारली.

"भावजी, खरं सांगा. तुमाला बी संशव हुता ना यांचा?"

मी म्हणालो, "होता."

"त्येंना बी तुमचा हुता," वहिनी म्हणाल्या. "शेवटपत्तुर. पोलिसांना तुमीच बोलावलं असं त्येंना वाटायचं."

मी विचारलं, "मग ते रोज शेडमध्ये कशाला यायचे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं विचारलं होतं.

"मग कुनाकडं जानार?" त्या म्हणाल्या.